अंगणात कळेल की घाटात?

एप्रिल 2020 मधली गोष्ट. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. सासऱ्यांची हृदयविकाराची औषधे संपत आली होती, गुहागरात ती मिळत नव्हती, चिपळूणच्या दुकानदाराने फोनवर बोलून ती बाजूला काढून ठेवली होती, प्रवासाचा पासही हाती आला होता. आणि नेमक्या त्या सकाळी किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मंद लागून विझले. यजमान नोकरीच्या गावी मुंबईत अडकलेले, शृंगारतळीच्या बाजारातली गॅरेजे बंद, आणि घरात सासरे व मी अशी दोनच माणसे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विद्युत परिपथ फळ्यावर मी शेकडो वेळा काढला असेल, पण स्वतःच्या गाडीचे बोनेट काचेच्या पुसणीत पाणी भरण्यापलीकडे कधी उघडले नव्हते. गाडी 2013 ची, साधी पेट्रोलवर चालणारी. तिची दुरुस्ती घरी करण्याचा माझा प्रवास त्या दिवशी सुरू झाला. त्यात मी एकदा अगदी थोडक्यात बचावले. कोणते काम आपण करावे आणि कोणत्या कामासाठी मेस्त्रींना बोलवावे, याची रेषा त्यानंतरच मला आखता आली.

बोनेट उघडल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट हिरवी पूड साचलेली दिसली. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. माडांच्या वाडीतून बारा महिने खारा वारा येतो आणि खिडकीच्या गजांचे, सायकलच्या साखळीचे जे होते तेच गाडीच्या प्रत्येक उघड्या धातूचे होते. मल्टिमीटर लावला तर 11.4 व्होल्ट. बारा व्होल्टची म्हणवली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असताना 12.6 च्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली म्हणजे तिच्यात फारसे काही उरलेले नसते. यजमानांना फोन लावला, तेव्हा त्यांनी आधी बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून घरात ठेवायला सांगितले. बॅटरीच्या टोकांमध्ये धातू आडवा आला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, धातू लालभडक होतो आणि बोटातली अंगठी काढायलाही अवसर मिळत नाही. विजेच्या धड्यात मी ‘शॉर्ट सर्किट’ शिकवते, पण आपल्या मनगटावरची बांगडी म्हणजे तोच आडवा धातू, हे तोवर मनात आले नव्हते.

टर्मिनल सोडवताना आधी ऋण आणि मग धन, जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण, हा क्रम पाठ करण्याऐवजी समजून घेतला म्हणजे विसरत नाही. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकाचा नट सोडवायला घेतला आणि पान्हा बाजूच्या पत्र्याला टेकला, तर परिपथ पान्ह्यातूनच पूर्ण होतो. ऋण टोक आधी सोडवले तर पत्र्याचा बॅटरीशी संबंधच उरत नाही आणि पान्हा पत्र्याला कोठेही टेकला तरी काही बिघडत नाही. टोके सोडवून, हातमोजे आणि चष्मा घालून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती पूड मी धुऊन काढली. ती फसफसून निघते. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

पूड गेली तरी बॅटरी उठली नाही. शेजारच्यांनी आपली जीप आणून आमच्या गाडीच्या तोंडाशी उभी केली. त्यांच्याकडे मासळीचा ट्रकही होता, पण मोठ्या ट्रकची विद्युतव्यवस्था बहुधा 24 व्होल्टची असते, ती छोट्या गाडीला जोडू नये. लाल चिमटा आधी आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, मग जीपच्या धन टोकाला. काळा चिमटा जीपच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा चिमटा आमच्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ पडू द्यायची नाही. दहा मिनिटांनी इंजिन सुरू झाले आणि मल्टिमीटरवर 14.1 व्होल्ट दिसले, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरत होता. औषधे त्याच दुपारी आणली.

त्या यशाने मला धीर आला, आणि खरे सांगायचे तर तो जरा अधिकच आला. पुढच्या तीन महिन्यांत मी हवेची गाळणी बदलली, वायपरची पाती बदलली, पुढचा विझलेला दिवा बदलला. ही कामे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचून कोणालाही करता येतील, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. फ्यूजविषयी मात्र लिहायला हवे. पावसाळ्यात हॉर्न बंद पडला. फ्यूजच्या पेटीत निळा, म्हणजे 15 अँपिअरचा फ्यूज उडालेला होता. नवीन बसवला, तोही उडाला. घरात पिवळा 20 चा होता आणि तो बसवण्याचा मोह मला झाला. पण फ्यूज उडतो तो तारेला वाचवण्यासाठी. तारेच्या कुवतीपेक्षा मोठा फ्यूज लावला तर तार तापते, फ्यूज शाबूत राहतो आणि आग डॅशबोर्डच्या मागे, डोळ्यांआड लागते. मग टॉर्च घेऊन तारांचा मार्ग तपासला. बोनेटखाली सुपारीच्या सालीचे घरटे होते आणि हॉर्नकडे जाणाऱ्या तारेचे आवरण उंदराने कुरतडून तांबे पत्र्याला लागले होते. पोफळीच्या वाडीतल्या घरी हे नेहमीचे आहे. तेव्हापासून गाडी दोन दिवसांहून अधिक उभी राहिली की मी आधी बोनेट उघडून पाहते.

आता त्या दिवसाविषयी लिहिते, ज्याची आठवण आजही हाताचे पंजे गार करते.

सप्टेंबर 2020. गणपती होऊन गेले होते, गाडी पंधरा दिवस अंगणात उभी होती आणि मी हॅण्डब्रेक ओढून ठेवला होता. मागच्या चाकांत ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून लायनर नावाची अस्तरे दाबून चाक थांबवणारे. ओलसर खाऱ्या हवेत ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर गंज धरतो आणि हॅण्डब्रेकमुळे त्याला दाबून बसलेले लायनर त्या गंजाने ड्रमलाच चिकटतात. गाडी पुढे घ्यायला गेले तर मागचे डावे चाक फिरेना. ड्रमवर लाकडी हातोड्याने हलके ठोकले की लायनर सुटतात, असे मी ऐकले होते. म्हणून मी डिकीतला जॅक काढला, मागची डावी बाजू उचलली आणि चाक काढले. ते पायात येऊ नये म्हणून गाडीखाली आडवे सरकवून ठेवले. ड्रम सुटा व्हावा म्हणून हॅण्डब्रेक खाली केला. गिअर न्यूट्रलमध्येच होता.

आमचे अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि पावसाचे पाणी वाडीकडे वाहून जावे म्हणून त्याला थोडा उतार ठेवलेला आहे. चिऱ्यांवर शेवाळ होते. मी ड्रमवर तीनचार ठोके घातले आणि हातोडा बदलण्यासाठी मागे वळले. तेवढ्यात गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक तिरपा होऊन निसटला आणि गाडीची मागची बाजू खाली आदळली. ती खाली सरकवलेल्या चाकावर टेकली, म्हणून जमिनीपर्यंत गेली नाही. काही सेकंदांपूर्वी माझा उजवा हात मनगटापर्यंत ड्रमच्या मागे होता. सासरे पडवीतून उठून काठी न घेता अंगणात आले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

मेस्त्रींना फोन केला. शृंगारतळीच्या बाजारालगत त्यांचे छोटे गॅरेज आहे आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ते तासाभरात मोटारसायकलवरून आले आणि गाडीला हात लावण्यापूर्वी त्यांनी मला सगळे क्रमाने सांगायला लावले. मग म्हणाले, “बाई, हॅण्डब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. तो तुम्ही सोडलात, आणि पुढची चाके गिअरमध्ये नव्हती. मग गाडीला धरून कोण ठेवणार होते? पहिला गिअर टाकला असता तर पुढची चाके इंजिनाने धरली असती. आणि त्या पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायला हवे होते.” खाली ठेवलेल्या चाकाकडे बोट करून त्यांनी विचारले, “हे कोणी सांगितले?” मी म्हटले, कोणी नाही, पायात येत होते. ते म्हणाले, “आम्ही हे मुद्दाम ठेवतो. आज तुमचा हात याने राखला.”

निघताना ते जे बोलले, त्यावर माझे पुढचे सगळे वागणे उभे आहे. “गाडी जॅकवरून पडली, चूक तुम्हांला इथेच कळली. गाडीचे काम करताना हे आधी विचारायचे, की माझे चुकले तर ते मला अंगणात कळेल की घाटात? अंगणात कळणार असेल तर शिका, करा, मी फोनवर आहे. घाटात कळणार असेल तर मला बोलवा.”

आमच्याकडे घाट हा शब्द कोणी उपमेसाठी वापरत नाही. गुहागर विजापूर मार्ग चिपळूण सोडल्यावर कुंभार्ली घाटाने वर चढतो आणि पाटण, कऱ्हाडकडे जातो. माझे माहेर कऱ्हाडचे. वर्षातून चारपाच वेळा तो घाट मी चढते आणि मुख्य म्हणजे उतरते.

अंगणात कळणाऱ्या चुकीनेही माणूस जाऊ शकतो, हे मात्र मला हात वाचल्यामुळे कळले, म्हणून आधी ती बाजू पक्की केली. गवंड्याकडून अंगणाच्या एका कोपऱ्यात गाडीपुरता सपाट कोबा करून घेतला, कारण उतारावर जॅक लावायचाच नाही. सुताराकडून सागाच्या चार पाचरी करून घेतल्या, चाकाच्या पुढे आणि मागे घट्ट बसतील अशा. जॅकच्या बुडाखाली घालायला दोन इंच जाडीची फळी ठेवली, कारण जांभा वरून कितीही टणक वाटला तरी चिऱ्याची कड भाराने ढासळते. आणि दोन जॅक स्टँड आणले, ज्यांना मेस्त्री घोडी म्हणतात. डिकीतला कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो गाडी उचलतो, पण तिला तोलून धरणे हे त्याचे काम नाही. उचललेली गाडी घोडीवर टेकवायची, मग खांद्याने चांगली हलवून पाहायची, आणि हलली नाही तरच हात आत घालायचा. गाडी कोठून उचलायची त्या जागा पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. दरवाज्याखालच्या पत्र्याच्या कडेला तिथे खाचा असतात. दुसरीकडे जॅक लावला तर पत्रा दबतो आणि गाडी घसरते. चिऱ्यांचा ढीग रचून त्यावर गाडी ठेवलेली मी आमच्याच गावात पाहिली आहे. चिरा दाबाखाली हळूहळू चेपत नाही, एकाएकी फुटतो. त्या गाडीखाली झोपलेल्या मुलाला मी बाहेर यायला सांगितले, तेव्हा त्याला राग आला. तो येऊ दिला.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करते, आणि बसवताना गाडी खाली घेतल्यावर समोरासमोरच्या जोडीने आवळते, म्हणजे चाक सरळ बसते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नटाचा आवळ 85 न्यूटन मीटर दिला आहे. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर साधारण सतरा किलोचा भार दिला की तेवढा येतो, हे मुलांना शिकवतानाचे गणित मला इथे कामी आले. पान्ह्यावर उभे राहून आवळल्याने बोल्ट ताणला जातो. नट अधिक सुरक्षित होत नाही. पन्नाससाठ किलोमीटर गेल्यावर ते एकदा पुन्हा तपासते.

एकटीने काम करायचे नाही, हा नियम सासऱ्यांनी घातला. मी गाडीपाशी गेले की ते पडवीच्या बाकावर येऊन बसत आणि फोन मांडीवर ठेवत. पावसाच्या दिवसांत गाडी झापांच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला घेऊन इंजिन सुरू ठेवण्याची पद्धत आमच्याकडे आहे, तीही त्यांनी बंद केली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तिन्ही बाजूंनी बांधलेल्या ताडपत्रीत तो साचतो.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचा पूर आला. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो. फोन लागू लागले तेव्हा त्याने सांगितले की घर सोडून ते वरच्या मजल्यावर सुखरूप आहेत, गाडी मात्र बोनेटपर्यंत पाण्यात होती. आता पाणी ओसरले आहे, ऊन पडले आहे, किल्ली फिरवून पाहू का? मी त्याला किल्ली गाडीपासून लांब ठेवायला सांगितले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल आणि स्टार्टरने दट्ट्या वर ढकलला, तर पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनाचे तेल आणि प्लग बदलून भागले असते, ते मग पूर्ण उघडावे लागते. पाणी ओसरल्यावर त्याने फक्त दोन गोष्टी केल्या: बॅटरीचे ऋण टोक सोडवले आणि तेलाची कांडी ओढून पाहिली. कांडीवर चहाच्या सायीसारखे दुधट तेल आले, म्हणजे पाणी आत गेले होते. गाडी ट्रकवर चढवून गॅरेजमध्ये नेली आणि इंजिन वाचले. त्या आठवड्यात चिपळुणात गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा होत्या, त्याची पाळी तीन आठवड्यांनी आली. तीन आठवडे गाडीला हात न लावणे त्याला जड गेले, हे मला माहीत आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये ती रेषा माझ्या स्वतःच्या अंगणात आली. भाचीच्या लग्नासाठी कऱ्हाडला जायचे होते. निघण्याच्या दोन दिवस आधी बाजारातून परत येताना ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आले. घरी येऊन बोनेट उघडले तर ब्रेक ऑइलची पातळी किमान रेषेच्या खाली होती. घरात ब्रेक ऑइलची अर्धी बाटली होती, वर्षापूर्वी उघडलेली. ती ओतली असती तर पेडल वर आले असते, दोन दिवस सगळे ठीक दिसले असते आणि मी निघाले असते.

ब्रेक ऑइल बंद नळ्यांत असते, ते पेट्रोलसारखे संपत नाही. पातळी खाली जाते ती दोनच कारणांनी: पॅड आणि लायनर झिजले म्हणून, किंवा कोठेतरी गळते म्हणून. झिजेने ती महिनोन्महिने हळूहळू उतरते; गाडीच्या नोंदींसाठी ठेवलेल्या माझ्या वहीत सहा आठवड्यांपूर्वीची नोंद वरच्या रेषेची होती. दुसरी गोष्ट त्या बाटलीची. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरे तेल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळावे असे मानक आहे, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ती किमान मर्यादा 155 अंशांवर येते. घाट उतरताना सतत दाबलेले ब्रेक खूप तापतात. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली मऊ होऊन तळाला जाते. कोकणातल्या हवेत उघडलेली बाटली वर्षभर फडताळात राहिली, तर तिच्यात काय असेल याचा अंदाज मला होता. ती मी वापरली नाही.

टॉर्च घेऊन चारी चाकांच्या आतल्या बाजूला पाहिले. मागच्या उजव्या चाकाच्या आत ओला ओघळ होता. बोट लावले तर तेलकट. चाकाच्या रंगाला तिथे फोड आले होते, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. माझे काम इथे संपले. मी मेस्त्रींना फोन केला आणि वहीतून वाचून सांगितले: पेडल पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा वर, सहा आठवड्यांत पातळी एवढी उतरली, मागच्या उजव्या चाकात ओघळ, गाडी कोणत्याही एका बाजूला ओढत नाही. त्यांनी विचारले, “गाडी उभी आहे ना?” मी हो म्हटले. “मग उभीच ठेवा. माझ्याकडे चालवत आणू नका, मीच येतो.”

ते दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आले आणि माझ्या कोब्यावर, माझ्याच घोड्या लावून काम केले. तेलाच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधले रबर फाटले होते आणि त्याच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते. तेलाने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरता येतात का, असे मी विचारले. ते म्हणाले, नाही, मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा बाहेर येते. आणि एका चाकाचे नवे, दुसऱ्याचे जुने असे ठेवले तर गाडी एका बाजूला ओढेल, म्हणून दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले. मग सगळे जुने तेल काढून नवे भरले. चहाच्या रंगाचे जुने तेल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरताना मी पाहत होते. हवा काढण्यासाठी दोन माणसे लागतात. मी आत बसून पेडल दाबत होते, ते चाकापाशी बसून ब्लीडरचा, म्हणजे हवा बाहेर सोडण्याच्या तोटीचा, नट उघडत होते. “दाबा... धरून ठेवा... आता सोडा,” असे चारी चाकांवर तासभर चालले. त्यांनी नट बंद केल्याचे सांगण्यापूर्वी मी एकदा पाय उचलला आणि त्या एका चुकीने नळीतून हवा परत आत गेली, ते चाक पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. पुस्तकात वाचून हे मी एकटीने केले असते तर ती हवा आत गेल्याचे मला समजले असते का, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला. बहुधा नसते. ते मला कुंभार्लीत समजले असते.

ब्रेकची पातळी पाहणे, पेडलचा बदल ओळखणे, चाकाच्या फटीतून पॅडची जाडी पाहणे आणि ती तीन मिलिमीटरवर आली की फोन करणे, एवढे मी करते. ब्रेक उघडत नाही. स्टिअरिंगचे सांधे, चाकाचे बेअरिंग, पेट्रोलची नळी यांनाही हात लावत नाही. शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, तिला सोडवण्याचे खास साधन निसटले तर ती गोळीसारखी सुटते. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत तिथली पिवळ्या आवरणाची जोडणी दिसली की हात मागे घ्यावा. बॅटरी सोडवल्यावरही काही वेळ त्या यंत्रणेत विद्युतभार शिल्लक असतो. भावाची आताची गाडी सीएनजीची आहे. तिच्या टाकीत गॅस सुमारे 200 बार दाबाने असतो आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रातच करून घ्यावी लागते. तिथे घरगुती दुरुस्ती नाहीच. गॅसचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गाडीपासून दूर जायचे आणि फोन करायचा.

रेडिएटरचे झाकण मात्र अनेक जण साधे समजतात. मे महिन्यात चिपळूणहून परतताना एका चढावर तापमानाचा लाल दिवा लागला. सोबतची मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन उतरलीही. बंद रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब जातो आणि सगळे एकदम उसळून तोंडावर येते. आम्ही आंब्याच्या सावलीत तासभर बसलो, बोनेटवर हात टिकू लागला तेव्हा जाड फडक्याने झाकण थोडे सैल करून आधी दाब जाऊ दिला. वरची रबरी नळी चिरली होती. कूलंट रस्त्यावर सांडले होते, त्यावर पाणी ओतले. ते चवीला गोडसर आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात. तसेच जुन्या इंजिन ऑइलचे. ते वासे-खांबांना वाळवीसाठी फासण्याची किंवा वाडीच्या कडेला ओतून देण्याची जुनी सवय आहे. आमच्या जांभ्याच्या जमिनीतून पाणी झरझर खाली जाते आणि तीच जमीन विहिरीला पाणी देते. मी ते कॅनमध्ये साठवून मेस्त्रींकडे देते, त्यांच्याकडून ते तेल गोळा करणारे घेऊन जातात.

वहीविषयी मेस्त्रींनी मला सांगितले की त्यांचा अर्धा वेळ ‘गाडी आवाज करते’ एवढ्या वाक्याचा अर्थ लावण्यात जातो. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम, वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, वळताना येतो की ब्रेक लावताना, उजवीकडून की डावीकडून, हे गाडी चालवणाऱ्यालाच माहीत असते. आता मी ते तारखेसह लिहिते. काम झाल्यावर काढलेला जुना भाग परत मागते आणि तो कसा खराब झाला ते त्यांच्याकडून समजून घेते. त्या फाटक्या रबराचा सिलिंडर मी नववीच्या मुलांना पास्कलचा नियम शिकवताना वर्गात फिरवते.

सासरे गेल्या वर्षी गेले. आता अंगणात काम करताना शेजारच्या काकू पडवीत बसतात. या आठवड्यात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून गाडी हळू पुढे घेतली की पुढच्या उजव्या चाकातून ‘टकटक’ असा आवाज येतो. सरळ चालवताना येत नाही, ब्रेक लावताना येत नाही. चाकामागचे रबरी आवरण फाटून ग्रीस बाहेर उडालेले दिसले. वहीत तेवढे लिहून फोन केला आहे. मेस्त्री गुरुवारी येणार आहेत. तोवर गाडी कोब्यावर पहिल्या गिअरमध्ये उभी आहे, हॅण्डब्रेक खाली आहे आणि चाकांना पाचरी लावल्या आहेत.